डाव्या हाताचं काम

व्हायोलाचा, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या भावंडाचा, एक खालचा सूर होता, जाडसर आणि जरा धुळकट. मैत्रिणीनं मिठागरांवर एक छोटा माहितीपट केलाय, त्याच्या सुरुवातीच्या दृश्यासाठी मी संगीत करत होते. पडद्यावर पहाट, खाऱ्या पाण्यावर उतरलेलं आभाळ आणि लांबवर लाकडी फळीनं मीठ ओढणारा एक माणूस. तिथं संगीतात काही घडायला नको होतं. आहे की नाही असं वाटावं इतकाच एक सूर हवा होता. मध्यरात्र उलटून गेली होती. हेडफोनमध्ये तो सूर संपला, गज तारेवरून उठला आणि मागं उरलेल्या शांततेत बारीक करकर ऐकू आली. हेडफोन काढून घरात कानोसा घेतला. पंख्याशिवाय कशाचाच आवाज नव्हता. कीबोर्डवर पुन्हा तीच पट्टी दाबली, काही नाही. पुन्हा दाबली, तरी नाही. आणखी थोडा वेळ तेच करत बसले आणि ती करकर परत आली. लाकडी खुर्ची होती ती. सूर संपता संपता कुणीतरी बसल्या जागी किंचित सरकलं होतं.

सॅम्पल लायब्ररी, म्हणजे खऱ्या वादकांच्या रेकॉर्ड केलेल्या सुट्या सुरांचा संगणकावरचा साठा, वापरणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. एकच सूर लागोपाठ वाजला तर तो यंत्रातून आल्यासारखा वाटू नये म्हणून वादकांकडून तो अनेकदा वाजवून घेतलेला असतो आणि सॉफ्टवेअर ते नमुने आळीपाळीनं पुढं करतं. राउंड रॉबिन म्हणतात त्याला. पट्टी सोडल्यावर हॉलमध्ये विरत जाणारी सुराची शेपटीसुद्धा वेगळी साठवलेली असते. त्यातल्याच एका शेपटीत ती खुर्ची राहून गेली होती, आणि तिची पाळी आली की ती करकरायची. तेवढा एक नमुना बंद केला की विषय संपला असता. पण मला तो बंद करवेना. इतकी वर्षं या सुरांच्या संगतीत रात्री घालवल्या, त्यांना 'स्ट्रिंग्ज', 'लो ब्रास' अशी नावं देऊन रंगीत ट्रॅकवर मांडलं, आणि त्या रात्री मात्र एकच प्रश्न डोक्यातून जाईना.

हे वाजवतंय कोण?

माझी खोली डोंबिवलीतली, दहा बाय दहाची. एका भिंतीला कपाट, दुसऱ्या भिंतीवर कालनिर्णय, खिडकीखाली टेबल. टेबलावर कीबोर्ड, लॅपटॉप आणि दोन छोटे स्पीकर, जे रात्री शेजाऱ्यांमुळं लावता येत नाहीत. या खोलीत मी कॉर्ड, म्हणजे एकत्र काही सूर, दाबते आणि ती वाजते उत्तर लंडनमधल्या एका जुन्या चर्चमध्ये. हॅम्पस्टेडमधली ती इमारत आल्फ्रेड वॉटरहाउस या वास्तुविशारदानं १८८० च्या दशकात उभी केली. १९९२ साली बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी तिथं आपला एअर स्टुडिओ नेला आणि मधल्या षट्कोनी प्रार्थनागृहाचा लिंडहर्स्ट हॉल झाला. माझ्याकडच्या कितीतरी सुरांचे वादक त्या हॉलमध्ये येऊन बसून गेलेत. मायक्रोफोनसुद्धा निवडता येतात. एक वादकाच्या हाताशी ठेवलेला, एक तीन मायक्रोफोनांचा संच कंडक्टरच्या डोक्यावर, ज्याला डेक्का ट्री म्हणतात, आणि काही मागं, उंचावर. जवळचा चढवला की राळ लावलेल्या गजाचा खरखरीतपणा ऐकू येतो, लाकूड ऐकू येतं. लांबचे चढवले की माणसं विरघळतात आणि फक्त छताची उंची उरते. खाली रिक्षा हॉर्न देत असते, समोरच्या इमारतीत कुणाचा तरी मिक्सर चालू असतो, आणि माझ्या कानात परक्या देशातल्या छताखाली सोळा व्हायोलिनं हळूहळू विरत असतात. या सुखाची मला अजून सवय झालेली नाही. व्हावी असंही वाटत नाही.

पेटी मला बाबांनी शिकवली. ते काही संगीतशिक्षक नव्हते. नोकरी सांभाळून गुरुवारच्या भजनाला साथ करायचे. त्यांची पेटी जुनी. भात्याच्या कोपऱ्याला चामड्याचं ठिगळ, आणि मधल्या सप्तकातला एक गंधार पावसाळ्यात हमखास अडकायचा. माझं सगळं लक्ष उजव्या हाताकडं, बोटं कुठं पडतात तिकडं. बाबा म्हणायचे, "उजवा हात नुसता सूर दाखवतो गं. गाणं डाव्या हातात असतं." मग ते एकच षड्ज धरून ठेवायचे आणि नुसत्या भात्यानं तो फुलवायचे, मिटवायचे, मध्येच अगदी धाग्याएवढा बारीक करायचे. साथीला बसले की गाणाऱ्या काकांच्या तोंडाकडं बघत. काका श्वास घ्यायला थांबले की बाबांचा भाताही तेवढ्यापुरता थांबे. त्या वयात मला ते कळत नव्हतं. एवढंच दिसायचं की मी वाजवलं की अभंगाची चाल वाजते आणि बाबांनी वाजवलं की अभंगाचे शब्द ऐकू येतात.

कितीतरी वर्षांनी मिडी कीबोर्ड, म्हणजे संगणकातले सूर वाजवणारा कीबोर्ड, घरी आला. त्याच्या डाव्या टोकाला एक छोटं चाक असतं, मॉड व्हील. शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंत ते फिरतं. नव्या माणसाला वाटतं, हे आवाज कमी-जास्त करायचं चाक. पण वादकांनी तो सूर हलक्या गजानं वाजवलेला असतो, मध्यम गजानं वाजवलेला असतो आणि पूर्ण जोर लावूनही वाजवलेला असतो; चाक वर नेलं की सॉफ्टवेअर एका वाजवण्यातून दुसऱ्या वाजवण्यात सरकत जातं. वाद्यवृंदातले हॉर्न, ती पितळी फुंकवाद्यं, हळू वाजले तर मऊ, गोल ऐकू येतात, आणि जोरात वाजले तर तोच सूर पितळी धारेचा होतो. चाक त्या धारेकडं नेतं. उजव्या हातानं सूर दाबून ठेवत पहिल्यांदा ते चाक वर नेलं, खाली आणलं, तेव्हा माझा डावा हात आपसूक भात्याच्या लयीत गेला. बोटांना ते काम ठाऊक होतं. हजारो रुपयांचं सॉफ्टवेअर, परदेशातले वादक, आणि त्यांच्यात जीव कसा घालायचा हे मला डोंबिवलीतल्या गुरुवारच्या भजनानं आधीच शिकवून ठेवलेलं.

बाबांना मी केलेलं संगीत ऐकवलं. हेडफोन लावून डोळे मिटून बसले होते, आणि डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर उघडमीट करत होती. संपल्यावर म्हणाले, "छान झालंय. पण तुझा बासरीवाला श्वास कधी घेतो?"

खरंच, घेत नव्हता. सॅम्पलमधली बासरी पट्टी दाबून धरेपर्यंत वाजत राहते. व्हायोलिन तासभर एकाच गजावर चालू शकतं. ट्रॉम्बोन वाजवणाऱ्याचे ओठ कधी थकत नाहीत. संगणकावर लिहिणाऱ्याला या सगळ्याची भूल फार लवकर पडते, कारण वादकाचं शरीर कुठं आडवंच येत नाही. कॉर्ड दाबतानाही तेच. सोळा व्हायोलिनांच्या समूहाचा एक सूर म्हणजे सोळा माणसं. त्याच ट्रॅकवर चार सुरांची कॉर्ड दाबली की बसल्या जागी चौसष्ट व्हायोलिनं होतात. खऱ्या वाद्यवृंदात त्या सोळांचेच चार गट पडले असते आणि प्रत्येक सूर पातळ झाला असता. तो पातळपणाच तर हवा असतो पुष्कळदा! मिठागरावरच्या त्या पहाटेला चौसष्ट माणसांची गर्दी काय करायची? बाबांच्या त्या प्रश्नानंतर मी बासरीच्या प्रत्येक ओळीत श्वासाची जागा सोडू लागले. आधी मोकळ्या हवेत स्वतः गुणगुणून बघायची, दम कुठं संपतो ते पाहायचं आणि तिथं पट्टी सोडायची. चाल तीच राहते, पण ती कुणीतरी म्हणतंय असं वाटायला लागतं.

पेटीवर आपल्याकडं केवढे आक्षेप होते. तिच्या पट्ट्या ठरलेल्या, श्रुती नाहीत, मींड येत नाही. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती उठायला १९७१ उजाडलं. आक्षेप खरेच होते. यंत्र म्हणून पेटीत एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला जागाच नाही. पण त्याच काळात गोविंदराव टेंबे होते, पी. मधुकर होते, पुढं त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर. बोरकरांची पेटी ऐकताना मींड नाही हे ध्यानातच येत नाही. एक पट्टी पूर्ण सुटायच्या आत दुसरी लागते, मधल्या सुराला नुसता स्पर्श होतो, आणि नेमका त्याच क्षणी डावा हात हवा कमी करतो. कान मधलं अंतर स्वतःच भरून काढतो. ही फसवणूक आहे असं मला कधी वाटलं नाही. ऐकणाऱ्याच्या कानावर केवढा विश्वास असेल, तेव्हा असं वाजवता येतं.

सॅम्पलमधल्या तंतुवाद्यांचं दुखणं हेच होतं. एक सूर रेकॉर्ड केला, दुसरा केला, पण माणूस वाजवतो तेव्हा या सुरावरून त्या सुरावर *जातो*, आणि ते जाणं कुठंच साठवलेलं नव्हतं. व्हिएन्नाचे हर्ब टुकमांडल हे स्वतः चेलिस्ट, म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातला मोठा चेलो वाजवणारे. त्यांच्या व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीनं या शतकाच्या सुरुवातीला ते जाणंच रेकॉर्ड करायला घेतलं. प्रत्येक सुरापासून वर बारा आणि खाली बारा, म्हणजे एकेका सुरामागं चोवीस वाटा. वादकानं सा-रे वाजवायचं, मग सा-ग, मग सा-म, असं करत अख्खं वाद्य पालथं घालायचं, हळू वाजवून, मग जोरात वाजवून. तेही त्यांनी मुद्दाम बांधलेल्या, जवळपास निनाद नसलेल्या स्टुडिओत, म्हणजे हॉल आपला आपण घालावा. ज्या वादकानं दिवसच्या दिवस चाल नसलेले, गाणं नसलेले हे सुटे दोन-दोन सूर वाजवले असतील, त्याच्या मनात काय चाललं असेल? पलटे घोटण्याचा कंटाळा आपल्याला माहीत असतो, पण पलट्यांच्या शेवटी राग असतो. या माणसाचा राग दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच देशात, त्याला न विचारता मांडायचा होता. त्यातला एक मांडणारा हात माझा आहे, ही जाणीव आता सुटत नाही. ओझं म्हणून नव्हे; पण त्या सुरांना हात लावताना मी पूर्वीपेक्षा सावकाश लावते.

आमच्या मागच्या गल्लीत व्हायोलिन शिकवणारे एक सर राहतात. मूळचे गोव्याचे, सालसेतचे. तरुणपणी मुंबईत आले आणि चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिनच्या मागच्या रांगांत बसून वाजवलं. ताडदेव, महालक्ष्मी, वांद्रे, जिथून बोलावणं येईल तिथं. आता ऐंशीच्या घरात आहेत आणि मुलांना परीक्षांसाठी तयार करतात. त्यांना मी ती खुर्चीची करकर ऐकवली. काही सांगायच्या आत ते म्हणाले, "खुर्ची." मग हेडफोन हातात धरून बराच वेळ बोलत राहिले. "आम्ही बसायच्या आधी खुर्ची हलवून बघायचो. गाणारे, तबला, ढोलक, आम्ही, सगळे एकाच वेळी वाजवणार. एक खुर्ची वाजली की सगळ्यांचा टेक गेला. मग पुन्हा पहिल्यापासून." माझ्या संगीताचा तो लांब सूर त्यांनी पूर्ण ऐकला आणि विचारलं, "बाय, ह्या नोटेवर बो बदलतो कुठं?" त्यांनी दोन्ही हात पसरून गजाची लांबी दाखवली. "बो एवढाच असतो. पाऊण मीटर. अगदी हळू वाजवलं तरी संपतो." मग त्यांनी सांगितलं की लांब सुरावर एका बाकावरचे दोघं एकाच वेळी बो बदलत नसत, म्हणजे गजाची दिशा उलटवत नसत. शेजारच्यानं बदलला की आपण थांबायचं, त्याचा स्थिर झाला की आपण बदलायचा. त्यामुळं समूहाचा सूर अखंड राहतो आणि तरी आतून हलत असतो. तसा हलणारा सूर माझ्या ट्रॅकवर आणायला मी तो एक लांब सूर दोन ट्रॅकवर विभागला, वेगवेगळ्या जागी तोडला, आणि चाकानं प्रत्येक जोडाच्या आधी थोडा उतार दिला. फरक इतका बारीक की मैत्रिणीला सांगूनही कळला नाही. पण दृश्यातला तो मीठ ओढणारा माणूस पूर्वीपेक्षा जिवंत दिसतो असं ती म्हणाली.

त्याच भेटीत सरांनी स्क्रीनवरच्या वाद्यांच्या यादीवरून बोट फिरवत विचारलं, "ह्यात आपल्यातलं कोण आहे?"

कुणी नाही. लंडनचे आहेत, व्हिएन्नाचे आहेत. ज्या गोवेकरांनी आणि पारशांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंद दिला, त्यांच्यातलं कुणी माझ्याकडच्या लायब्रऱ्यांत नाही. आठवण काढताना दोन-तीन नावं निघतात. सेबॅस्टियन डिसोझा, ज्यांच्या लेखणीनं शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागची व्हायोलिनं उभी केली. अँथनी गोन्साल्विस, माजोर्ड्याचे, ज्यांचं नाव प्यारेलाल या त्यांच्या शिष्यामुळं एका गाण्यातून घराघरांत पोचलं. त्या गाण्यावर नाचणाऱ्या किती जणांना माहीत असेल की १९५८ साली याच माणसानं मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात शंभरावर वादक उभे करून रागांवर बांधलेलं सिम्फनीचं संगीत वाजवून घेतलं होतं, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला घेऊन? मागच्या बाकांवरच्यांची नावं तर तबकड्यांवर कधी छापलीच गेली नाहीत. आणि पुढं १९८० आणि ९० च्या दशकांत सिंथेसायझर आले, एकेक वादक वेगवेगळा रेकॉर्ड करायची सोय आली, आणि ते मोठे हॉल रिकामे होत गेले. सर म्हणाले, आधी चाळीस जणांना बोलावणं यायचं, मग दहांना, मग फोन बंद झाला. रागानं नाही म्हणाले. ऋतू सांगावा तसं सांगितलं.

इथं माझं मन दोन्हीकडं ओढलं जातं, आणि ते मला लपवायचं नाही. १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये मेलोट्रॉन निघालं, पट्टीमागं एकेक टेप असलेलं वाद्य, दाबलं की सुमारे आठ सेकंद खऱ्या व्हायोलिनांचा किंवा बासरीचा सूर देणारं. तेव्हाच तिकडच्या वादकांच्या संघटनेला पोटाची काळजी लागली होती. ती काळजी खरी ठरली, आणि माझ्या टेबलावर जे आहे ते त्याच मेलोट्रॉनच्या वंशातलं. पण हेही तितकंच खरं की हे नसतं तर मला वाद्यवृंदासाठी एक ओळही लिहायला मिळाली नसती. हॉर्न कुठल्या सुराखाली मऊ होतो, चेलोच्या वरच्या सुरात रडू कुठून येतं, हे मला कुणी शिकवलं असतं? बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राची लायब्ररी २०१९ मध्ये आली. मेडा व्हेल स्टुडिओत रेकॉर्ड केलेली. पूर्ण आवृत्ती सुमारे ६०० जीबीची, माझ्या लॅपटॉपच्या आवाक्याबाहेरची. पण तिचीच एक छोटी आवृत्ती होती, २०० एमबीच्या आसपास. ती विकत घ्या, नाहीतर एक प्रश्नावली भरून दोन आठवडे थांबा आणि फुकट घ्या, अशी सोय होती. मी थांबले. ज्या मुलाच्या गावात कधी चेलो आला नाही, त्याला आज चेलोसाठी लिहिता येतं. ही गोष्ट लहान नाही.

'सैराट'साठी अजय-अतुल लॉस एंजेलिसला गेले, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर, म्हणजे चित्रपटसंगीताच्या स्टुडिओत, तिथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं आणि २०१६ मध्ये ते तालुक्याच्या थिएटरांत घुमलं, तेव्हापासून आपल्याकडच्या पोरांना 'सिनेमॅटिक' हवं असतं. हवंच. मला त्याचा आनंद आहे. फक्त एक गोष्ट तळमळीनं सांगावीशी वाटते: मोठा आवाज सोपा असतो. तयार प्रीसेट उघडायचा, डावीकडची एक पट्टी दाबायची, आणि अख्खा ब्रास, ढोल, दोन सप्तकं डबल बास एकदम कोसळतात. दाबणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, पण त्यात त्यानं केलं काय? कस लागतो तो हळू वाजवताना. हळू सुरात सगळं उघडं पडतं: हॉलची हवा, वादकाचा श्वास, पान उलटल्याचा आवाज. प्रत्येक नमुन्याबरोबर हॉलची थोडी हवा येते आणि ट्रॅक वाढतील तशी ती हवा साठत जाते. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया मी जमशेद भाभा थिएटरात पहिल्यांदा ऐकला, तेव्हा जोरकस जागांनी मी हलले नाही, तशा मी घरी रोज ऐकत होते. हलले ती एका अतिशय हळू जागेला. इतकी माणसं मिळून इतकं कमी वाजवत होती, आणि डबल बास कानाआधी खुर्चीच्या पाठीतून आला. हेडफोनमध्ये हे नसतं. कितीही महाग घेतले तरी नसतं.

माहितीपटाच्या शेवटाकडं एक आगरी बाई मिठाच्या ढिगाशेजारी बसून लग्नातला धवला गुणगुणते. तीच चाल पुढं व्हायोलिनांनी उचलावी असं ठरलं होतं. आणि तिथं सगळं अडलं. तिच्या गळ्यात दोन सुरांमध्ये पायरी नव्हतीच. गंधार ती घेते तो पेटीच्या पट्टीपेक्षा खाली, आणि तिथवर येते ती उतरणीवरून. व्हिएन्नाच्या चोवीस वाटांत ही वाट नाही. पिच बेंड, म्हणजे यंत्रानं सूर वाकवायची सोय, लावून पाहिला, तर लेगाटोचा, म्हणजे जोडून वाजवलेल्या सुरांचा, खरा स्पर्श आणि खोटी घसर एकमेकांत अडकून सूर आजारी वाटायला लागला. तेव्हा सरांकडं गेले. त्यांना त्या बाईचं गाणं ऐकवलं. ते दोनदा ऐकून त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि एकाच बोटानं ती उतरण घेतली. "हे आम्ही रोज करायचो," म्हणाले. "नोटेशनमध्ये लिहिलेलं नसायचं. गाणाऱ्या बाईंचं ऐकायचं आणि तसं जायचं."

रेकॉर्डिंग माझ्या खोलीतच केलं. कपाटाची दारं उघडून त्यांवर गोधड्या टाकल्या, खिडकी लावली, पंखा बंद. दुपारच्या उकाड्यात सर बनियनवर बसले. बसण्याआधी त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली. कुकरच्या शिट्ट्या, कावळा, वरच्या मजल्यावर ओढलेला पाट, या सगळ्यामुळं पुन्हा पुन्हा थांबावं लागलं, आणि दर वेळी ते न कुरकुरता पहिल्या सुरावर परत येत होते. हात थोडा कापतो आता. लांब सुरावर गज कधी कधी अडखळतो. पण तो एक आवाज लंडनच्या सोळा व्हायोलिनांवर ठेवला, आणि कान सरांच्या मागं गेला. ते घसरले की सगळे घसरल्यासारखे वाटले, ते थांबले की सगळ्यांनी श्वास घेतला. मागच्या बाकावर आयुष्य काढलेला माणूस पुढं बसला होता आणि त्या परक्या हॉलमधली माणसं त्याचं ऐकत होती. मी चाकावर डावा हात ठेवून त्यांच्या गजाबरोबर ते वर-खाली नेत राहिले, बाबा काकांच्या तोंडाकडं बघत साथ करायचे तसं.

मैत्रिणीनं सरांचं नाव श्रेयनामावलीत वेगळ्या ओळीवर घेतलंय. बाबांना हा भाग ऐकवला तेव्हा त्यांनी श्वासाचं काही विचारलं नाही. व्हायोलिन कुणाचं ते विचारलं, आणि आता त्यांना सरांना भजनाला बोलवायचंय.

या धवल्याखाली चेलोची एक ओळ आहे. ती अजून सॅम्पलवरच आहे आणि सरांच्या व्हायोलिनशेजारी ती आता फार नीटनेटकी वाटते. नोटेशन तयार आहे. बो कुठं बदलायचा त्या खुणा सरांनी स्वतः पेन्सिलीनं घातल्यात. ठाणे, कल्याण, पनवेल या बाजूला कुणी चेलो वाजवणारं ओळखीचं असेल तर खाली लिहा. विद्यार्थी असला तरी चालेल, पण दोन सुरांमधून घसरत जायची तयारी हवी. मानधन थोडं आहे पण ठरलेलं आहे, आणि नाव पडद्यावर येणार. रेकॉर्डिंग दुपारी दोन ते चार, तेवढ्या वेळात इमारतीचा पाण्याचा पंप बंद असतो.